पेशींची वीण सुटते तेव्हा : कर्करोग पसरण्यामागील प्रथिनांची भूमिका

शाहूवाडी (आमच्या प्रतिनिधीकडून) : "गाठीला सुरी लागली, की रोग अंगभर भडकतो," हा समज शाहूवाडी तालुक्यातील वाड्या-वस्त्यांवर आजही ऐकू येतो. तोंडात न भरणारी जखम असो, की स्तनातील न दुखणारी गाठ. डॉक्टरांनी "तुकडा काढून तपासायला पाठवू" असे म्हटले, की घरात चर्चा सुरू होते. कोणी झाडपाल्याचे औषध सुचवतो, कोणी रोपलावण उरकल्यावर बघू म्हणतो. आंबा घाटाच्या बाजूच्या एखाद्या वाडीतून भर पावसात कोल्हापूर गाठणे सोपे नसते, हेही खरे. पण या चालढकलीच्या काळात गाठीतील पेशी स्वस्थ बसलेल्या नसतात. त्या एकमेकींचे हात सोडण्याच्या तयारीत असतात.

कर्करोग पसरतो तो नेमका कशामुळे, या प्रश्नाचे उत्तर गेल्या चार दशकांतील संशोधनाने बऱ्याच अंशी दिले आहे. शरीरातील पेशींना एकमेकींशी आणि त्यांच्या जागेशी बांधून ठेवणारी काही प्रथिने असतात. ही बांधणी सैल झाली, की पेशी मूळ जागा सोडून निघते. हा बदल पेशीच्या आत घडतो. त्यासाठी कोणाच्या सुरीची गरज नसते. या संशोधनात महाराष्ट्राचाही मोलाचा वाटा आहे. नवी मुंबईतील खारघर येथील प्रयोगशाळांत आणि मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात झालेले काम जगभर वाचले गेले आहे. हे काम समजून घेतले, तर सुरीची भीती कितपत खरी आणि उशिराची भीती कितपत खरी, याचा निवाडा वाचकांना स्वतःच करता येईल.

हातात हात धरलेल्या पेशी

जांभ्याच्या चिऱ्यांची भिंत बांधताना दोन चिऱ्यांच्या मध्ये चुना किंवा सिमेंट भरतात. शरीरातील पेशींची बांधणी याहून वेगळी असते. येथे प्रत्येक पेशी आपल्या पृष्ठभागातून प्रथिनांचे असंख्य हात बाहेर काढते आणि शेजारच्या पेशीचे तसेच हात पकडते. या प्रथिनांना ‘कॅडहेरिन’ असे नाव आहे. जपानमधील शास्त्रज्ञ मासातोशी ताकेइची यांनी १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात दाखवून दिले, की पेशींना चिकटवणारी एक यंत्रणा कॅल्शियम असेल तरच काम करते. कॅल्शियम काढून घेतले, की ही पकड सुटते. पुढे या प्रथिनाला कॅल्शियमवरूनच कॅडहेरिन हे नाव मिळाले. या संशोधनासाठी ताकेइची आणि जर्मनीतील रोल्फ केमलर यांना २०२० मध्ये कॅनडाचा प्रतिष्ठेचा गैर्डनर पुरस्कार देण्यात आला.

त्वचा, तोंडाचे अस्तर, आतडे, स्तनातील दुधाच्या नलिका अशा सर्व आवरणांतील पेशींना धरून ठेवणाऱ्या कॅडहेरिनला ‘ई-कॅडहेरिन’ म्हणतात. या हाताचे एक टोक पेशीच्या बाहेर, तर दुसरे टोक आत असते. आतील टोक ‘कॅटेनिन’ नावाच्या प्रथिनांमार्फत पेशीच्या आतल्या तंतूंच्या सांगाड्याला बांधलेले असते. त्यामुळे एका पेशीचा सांगाडा शेजारणीच्या सांगाड्याला जोडला जातो आणि सबंध आवरण ताण सोसू शकते.

घास चावताना तोंडाच्या अस्तराला, चालताना तळपायाच्या कातडीला जो ताण बसतो, तो सोसण्यासाठी आणखी भक्कम सांधे लागतात. त्यांना ‘डेस्मोसोम’ म्हणतात. कापडाचे दोन पदर जोडताना जागोजाग बटणे लावावीत, तसे हे सांधे पेशींच्या कडांवर असतात. डेस्मोसोम आतल्या बाजूने ‘केराटिन’च्या तंतूंना बांधलेले असतात. केस आणि नखे ज्या प्रथिनांची बनतात, त्याच कुळातील हे तंतू होत.

तिसरी बांधणी पेशी आणि तिच्या खालची जमीन यांच्यातील आहे. आवरणातील पेशी एका पातळ पण चिवट पडद्यावर उभ्या असतात. या पडद्याला त्या ‘इंटेग्रिन’ नावाच्या प्रथिनांनी घट्ट धरतात. इंटेग्रिन पेशीला जागेवर ठेवतातच, शिवाय ‘तू योग्य जागी आहेस’ असा निरोपही आत पोहोचवतात. या प्रथिनांचा शोध लावणारे रिचर्ड हाइन्स, एर्की रुओस्लाहती आणि टिमोथी स्प्रिंगर यांना २०२२ मध्ये लास्कर पुरस्कार मिळाला.

वीण सुटते कशी?

कर्करोगाची सुरुवात पेशीच्या जनुकांतील बिघाडाने होते. पेशी वेळी-अवेळी विभागू लागते आणि गाठ तयार होते. परंतु गाठ एकाच जागी राहिली, तर ती बहुतेक वेळा शस्त्रक्रियेने काढता येते. कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंपैकी मोठा वाटा पेशी दुसऱ्या अवयवांत जाऊन रुजल्यामुळे होणाऱ्या मृत्यूंचा असतो. या प्रसाराला वैद्यकीय भाषेत ‘मेटास्टॅसिस’ म्हणतात.

प्रसाराची पहिली पायरी म्हणजे हात सुटणे. काही गाठींत ई-कॅडहेरिनचे जनुकच बिघडते. काहींत जनुक शाबूत असते, पण त्याच्यावर रासायनिक खुणा चिकटून ते बंद पडते. काहींत पेशीतील इतर प्रथिने ते दाबून टाकतात. परिणाम एकच होतो : पेशीच्या पृष्ठभागावरचे हात कमी होतात. तोंडाच्या कर्करोगात ज्या गाठींतील ई-कॅडहेरिन घटलेले असते, त्या गाठी गळ्यातील ग्रंथींत पसरलेल्या आढळण्याचे प्रमाण अधिक असल्याचे अनेक अभ्यासांत दिसून आले आहे.

हात सुटण्याचे आणखी एक परिणाम आहे. कॅडहेरिनच्या आतल्या टोकाशी बांधलेले बीटा-कॅटेनिन हे प्रथिन दुहेरी काम करते. बांधलेले असताना ते सांधा सांभाळते. मोकळे झाले आणि वेळीच नष्ट झाले नाही, तर ते पेशीच्या केंद्रकात शिरून वाढीची जनुके चालू करू शकते. म्हणजे बांधणी सैल होणे आणि वाढ बेफाम होणे या दोन घटना एकमेकींशी जोडलेल्या आहेत.

ई-कॅडहेरिनचे महत्त्व किती, हे १९९८ मध्ये न्यूझीलंडमधील एका माओरी कुटुंबाच्या अभ्यासातून स्पष्ट झाले. या कुटुंबात पिढ्यान्‌पिढ्या तरुण वयात जठराच्या कर्करोगाने मृत्यू होत होते. ओटागो विद्यापीठातील पॅरी गिलफर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोध घेतला, तेव्हा ई-कॅडहेरिनच्या जनुकातील दोष वारशाने उतरत असल्याचे आढळले. आज अशा कुटुंबांतील व्यक्तींची जनुकीय तपासणी करता येते आणि दोष आढळल्यास कर्करोग होण्यापूर्वीच जठर काढून टाकण्याचा सल्ला दिला जातो.

स्तनाच्या कर्करोगाचा एक प्रकार याच दोषामुळे ओळखला जातो. ‘लोब्युलर’ नावाच्या या प्रकारात ई-कॅडहेरिन बहुधा नाहीसे झालेले असते. त्यामुळे पेशी गोळा होऊन टणक गाठ करण्याऐवजी मुंग्यांच्या रांगेसारख्या एकामागोमाग एक पसरतात. साहजिकच हा कर्करोग हाताला उशिरा लागतो आणि मॅमोग्राफीतही निसटू शकतो. प्रयोगशाळेतील डॉक्टर तुकड्यावर ई-कॅडहेरिनचा रंग चढतो की नाही, हे पाहून या प्रकाराचे निदान पक्के करतात. ज्या ‘तुकड्या’ची भीती वाटते, तोच तुकडा रोगाचा स्वभाव सांगतो, तो असा.

खारघरमधील काम

मुंबईत परळ येथे टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. तेथील विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी १९४४ मध्ये मुंबईतील तोंडाच्या कर्करोगाच्या एक हजार रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. भारतातील कर्करोग संशोधनाचा पाया घालणाऱ्या कामांत त्याची गणना होते. त्यांच्याच पुढाकाराने उभ्या राहिलेल्या कर्करोग संशोधन संस्थेचे पुढे खारघर येथे स्थलांतर झाले. ‘अ‍ॅक्ट्रेक’ या नावाने ही संस्था आता ओळखली जाते. कोल्हापूर जिल्ह्यातून ‘टाटा’ला जाणाऱ्या अनेक रुग्णांना हे नाव परिचित आहे.

या संस्थेतील डॉ. सोराब दलाल यांच्या गटाने डेस्मोसोमवर बारकाईने काम केले. डेस्मोसोमच्या सांध्यात ‘प्लॅकोफिलिन-३’ नावाचे प्रथिन असते. बटण शिवणाऱ्या दोऱ्यासारखे त्याचे काम असते. आतड्याच्या कर्करोगाच्या पेशींमध्ये या एकाच प्रथिनाचे प्रमाण घटवले, तर काय होते, हे या गटाने तपासले. पेशींची एकमेकींना असलेली पकड ढिली झाली, त्यांची हालचाल वाढली आणि उंदरांमध्ये त्यांनी मेटास्टॅसिसला चालना दिली. हे निष्कर्ष २००८ मध्ये आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. पुढे २०१२ मध्ये याच गटाने दाखवले, की प्लॅकोफिलिन-३ घटल्यावर सांध्याला बांधलेल्या केराटिनच्या तंतूंमध्येही बदल होतात आणि हे बदल प्रसारासाठी आवश्यक असतात.

याच संस्थेतील डॉ. मिलिंद वैद्य यांच्या गटाने तोंडाच्या कर्करोगातील केराटिनचा अभ्यास केला. तोंडाच्या निरोगी अस्तरात सहसा न आढळणारी केराटिन-८ आणि केराटिन-१८ ही प्रथिने कर्करोगात तेथे उपटतात. तोंडाच्या गाठीपासून मिळवलेल्या पेशींमधून ही दोन प्रथिने नाहीशी केली, तेव्हा जमिनीला धरणाऱ्या एका इंटेग्रिनमार्फत जाणारे निरोप बदलले आणि पेशींचा आक्रमकपणा कमी झाला, असे या गटाने २०११ मध्ये नोंदवले. तंबाखूमुळे होणाऱ्या रोगाचा आपल्या भागातील भार पाहता, तोंडाच्या पेशींवर झालेले हे काम आपल्या दृष्टीने विशेष महत्त्वाचे आहे.

सुटलेली पेशी जगते कशी?

हात सुटला म्हणजे पेशी लगेच दुसरीकडे रुजली, असे होत नाही. आपल्या जागेवरून सुटलेली निरोगी पेशी सहसा आत्महत्या करते. इंटेग्रिनचा निरोप थांबला, की तिच्यातील मरणाची यंत्रणा सुरू होते. १९९४ मध्ये या प्रकाराला ‘अ‍ॅनॉइकिस’ हे नाव देण्यात आले. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ बेघर होणे असा आहे. शरीराने आपल्या सुव्यवस्थेसाठी केलेला हा बंदोबस्त आहे. कर्कपेशी तो चुकवायला शिकते.

त्यानंतरही रक्तातील प्रवास तिच्या जिवावर बेतणारा असतो. प्रवाहाचा जोर, रोगप्रतिकारक पेशींचे हल्ले आणि परकी जमीन यांमुळे रक्तात शिरलेल्या कर्कपेशींपैकी अगदी थोड्याच कोठेतरी रुजतात. इंग्लंडमधील शल्यविशारद स्टीफन पॅजेट यांनी १८८९ मध्ये स्तनाच्या कर्करोगाने मृत्यू पावलेल्या ७३५ स्त्रियांच्या नोंदी तपासून दाखवले होते, की रोग कोणत्याही अवयवात सारख्या प्रमाणात पसरत नाही. बी सगळीकडे पडते, पण अनुकूल मातीतच रुजते, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. भाताचे बी खडकाळ माळावर उगवत नाही, हे शाहूवाडीच्या शेतकऱ्याला सांगायला नको.

येथपर्यंतचे चित्र सरळ दिसते : हात असले तर सुरक्षित, सुटले तर धोका. मात्र गेल्या काही वर्षांतील संशोधनाने या चित्रात एक महत्त्वाची दुरुस्ती केली आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधील डॅनिअल हेबर आणि श्यामला महेश्वरन यांच्या गटाने २०१४ मध्ये दाखवले, की रक्तात एकट्याने फिरणाऱ्या कर्कपेशींपेक्षा घोळक्याने फिरणाऱ्या पेशींची रुजण्याची क्षमता कितीतरी अधिक असते. उंदरांवरील प्रयोगांत हा फरक २३ ते ५० पटींचा होता. या घोळक्यांना एकत्र ठेवणारे प्रथिन होते डेस्मोसोममधील ‘प्लॅकोग्लोबिन’, म्हणजे सांध्याच्याच कुळातले.

२०१९ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील अँड्र्यू युअल्ड यांच्या गटाने आणखी एक निष्कर्ष मांडला. स्तनाच्या कर्करोगाच्या काही नमुन्यांत ई-कॅडहेरिन पूर्णपणे काढून टाकले, तेव्हा पेशी आजूबाजूला अधिक घुसल्या खऱ्या. पण त्या मोठ्या प्रमाणावर मेल्या आणि दूरच्या अवयवांतील प्रसार घटला. प्रवासात जगण्यासाठी त्यांना थोडेफार ई-कॅडहेरिन हवे होते.

याचा अर्थ असा, की कर्कपेशी बांधणी सोडतात आणि गरजेप्रमाणे पुन्हा धरतात. गाठीतून निघताना पकड सैल, रक्तातून जाताना आपसांत पकड आणि नव्या जागी पोहोचल्यावर पुन्हा घट्ट पकड, असा हा व्यवहार आहे. म्हणूनच "हे प्रथिन वाढवा, कर्करोग थांबेल" अशा सोप्या दाव्यांवर आणि तशा जाहिरातींवर विश्वास ठेवू नये.

गळ्यातील गाठ : दिसते तेव्हा उशीर झालेला असतो

तोंडाच्या कर्करोगातील पेशी बहुधा प्रथम लसिकावाहिन्यांतून गळ्यातील ग्रंथींत जातात. गळ्याला गाठ आली, की ‘अवधाण आले असेल’ म्हणून ती दुर्लक्षित राहते. पण हाताला गाठ लागण्याच्या कितीतरी आधी पेशी तेथे पोहोचलेल्या असू शकतात. या गोष्टीचा स्पष्ट पुरावा टाटा मेमोरियल रुग्णालयातील एका अभ्यासाने दिला.

डॉ. अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांनी तोंडाचा कर्करोग सुरुवातीच्या अवस्थेत असलेले आणि गळ्यात गाठ न लागणारे रुग्ण निवडले. त्यांचे चिठ्ठी पद्धतीने दोन गट केले. एका गटात तोंडाच्या शस्त्रक्रियेबरोबरच गळ्यातील ग्रंथीही काढल्या. दुसऱ्या गटात गळ्यात गाठ दिसली तरच ग्रंथी काढायच्या, असे ठरवले. पहिल्या ५०० रुग्णांचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. तीन वर्षांनंतर पहिल्या गटातील ८० टक्के रुग्ण हयात होते. दुसऱ्या गटातील प्रमाण ६७.५ टक्के होते. गाठ दिसण्याची वाट पाहण्याची किंमत या साडेबारा टक्क्यांच्या फरकात दिसते. ही वाट डॉक्टरांच्या देखरेखीखाली आणि नियमित तपासणीसह पाहिली गेली होती, हेही ध्यानात घ्यावे. घरी बसून, झाडपाल्यावर विसंबून पाहिलेल्या वाटेत अशी कोणतीच देखरेख नसते.

मग सुरीची भीती निराधार आहे का?

येथे दोन वेगळे प्रश्न एकत्र केले जातात. पहिला बायॉप्सीचा, म्हणजे तुकडा तपासण्याचा. तोंड, स्तन, गर्भाशयाचे मुख अशा नेहमीच्या जागी तपासणीसाठी तुकडा घेतल्याने रोग अंगभर पसरत नाही. यकृत, वृषण अशा मोजक्या अवयवांत सुईच्या मार्गावर पेशी रुजण्याचा थोडा धोका असतो. तो डॉक्टरांना ठाऊक असल्याने तेथे निदानाची वेगळी पद्धत वापरली जाते किंवा विशेष काळजी घेतली जाते. तपासणीविना उपचार म्हणजे मात्र रोगाचे नाव न कळता दिलेले औषध होय.

"तुकडा काढला आणि सहा महिन्यांत माणूस गेला," असे दाखले गावात दिले जातात. अशा अनेक घटनांत रोग तपासणीच्या आधीच पसरलेला असतो. माणूस शेवटच्या अवस्थेत रुग्णालयात पोहोचतो, तेथे तुकडा घेतला जातो आणि पुढे जे घडते त्याचा दोष सुरीवर येतो.

दुसरा प्रश्न शस्त्रक्रियेचा. गाठ काढताना काही पेशी रक्तात सुटू शकतात का, याचा विचार शास्त्रज्ञांनी टाळलेला नाही. टाटा मेमोरियल सेंटरचे तत्कालीन संचालक डॉ. राजेंद्र बडवे यांच्या नेतृत्वाखाली देशातील ११ कर्करोग केंद्रांत याच क्षणावर अभ्यास झाला. स्तनाच्या गाठीवर शस्त्रक्रिया करण्यापूर्वी सात ते दहा मिनिटे गाठीभोवती लिडोकेन हे जागा बधिर करणारे औषध टोचण्यात आले. दात काढताना वापरतात तेच हे साधे, स्वस्त औषध. सुमारे सोळाशे स्त्रियांपैकी निम्म्यांना ते दिले गेले, निम्म्यांना दिले गेले नाही. इतर उपचार दोन्ही गटांत सारखेच होते.

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पाच वर्षांनंतर औषध दिलेल्या गटातील ९०.१ टक्के स्त्रिया हयात होत्या, तर न दिलेल्या गटातील ८६.४ टक्के. रोग पुन्हा न उद्भवता जगणाऱ्यांचे प्रमाण अनुक्रमे ८६.६ आणि ८२.६ टक्के होते. लिडोकेन पेशींच्या आवरणातील सोडियमच्या वाटा बंद करते. या वाटा खुल्या असताना कर्कपेशींची हालचाल आणि घुसखोरी वाढते, असे प्रयोगशाळेत दिसले आहे. लक्षणीय बाब म्हणजे या वाटांना जोडलेली काही साहाय्यक प्रथिने स्वतःच पेशींना चिकटवण्याचे काम करतात.

या आकड्यांचा उलटा अर्थ काढू नये. औषध न टोचता शस्त्रक्रिया झालेल्या गटातही पाच वर्षांनी शंभरातील ८६ हून अधिक स्त्रिया जिवंत होत्या. शस्त्रक्रियेने रोग भडकत असता, तर हे घडले नसते. शस्त्रक्रिया हाच उपचाराचा कणा आहे. ती अधिक सुरक्षित कशी करता येईल, याचा हा शोध आहे.

औषधांची वाटचाल

पेशी जोडणाऱ्या प्रथिनांवर थेट घाला घालणारी औषधे करण्याचे प्रयत्न नव्वदच्या दशकापासून सुरू आहेत. त्यांत अपयशही आले. इंटेग्रिनला अडवणारे ‘सिलेंजिटाइड’ हे औषध मेंदूच्या कर्करोगावर मोठ्या अपेक्षेने तपासले गेले. पण २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंतिम टप्प्यातील चाचणीत त्याने रुग्णांचे आयुष्य वाढले नाही.

यश मिळाले ते वेगळ्या युक्तीने. प्रथिनाचे काम अडवण्याऐवजी त्याचा पत्त्यासारखा उपयोग करण्यात आला. मूत्राशयाच्या कर्करोगात ‘नेक्टिन-४’ हे जोडणारे प्रथिन पेशींवर मोठ्या प्रमाणात असते. त्याला चिकटणाऱ्या प्रतिपिंडाला विषारी औषध जोडून थेट कर्कपेशीपर्यंत पोहोचवणाऱ्या ‘एन्फोर्ट्युमॅब व्हेडोटिन’ला अमेरिकेत डिसेंबर २०१९ मध्ये परवानगी मिळाली. पुढे रोगप्रतिकारशक्ती जागवणाऱ्या औषधासह ते दिले असता पसरलेल्या रोगातील रुग्णांचे मध्यमान आयुष्य १६.१ महिन्यांवरून ३१.५ महिन्यांपर्यंत गेल्याचे २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. जठराच्या कर्करोगात पेशींमधील फटी बंद ठेवणाऱ्या ‘क्लॉडिन’ कुळातील एका प्रथिनाला लक्ष्य करणाऱ्या ‘झोल्बेटक्सिमॅब’ला २०२४ मध्ये जपान आणि अमेरिकेत मान्यता मिळाली.

ही औषधे महागडी आहेत आणि ठरावीक प्रकारांतच उपयोगी पडतात. रोग पसरल्यानंतर ती आयुष्य वाढवतात. रोग पसरण्यापूर्वी गाठलेली गाठ मात्र तालुक्याच्या रुग्णालाही बरे करू शकते.

आपल्या हाती काय?

जागतिक अंदाजांनुसार २०२२ या वर्षात भारतात ओठ आणि तोंडाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ४३ हजार नवे रुग्ण आढळले. हा आकडा जगातील एकूण रुग्णांच्या एक तृतीयांशाहून अधिक आहे. तंबाखू आणि सुपारी या दोन्हींना जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मानवात कर्करोग घडवणारे पदार्थ म्हणून नोंदवले आहे. महाराष्ट्रात जुलै २०१२ पासून गुटखाबंदी लागू झाली. पण तंबाखूची पुडी आणि चुन्याची डबी खिशात असतेच. घरोघरी स्त्रिया दात घासण्यासाठी वापरतात ती मशेरीदेखील भाजलेली तंबाखूच आहे. ‘दातांना बरी’ म्हणून ती तोंडात धरून ठेवणे म्हणजे अस्तरातील पेशींच्या जनुकांवर रोज घाव घालणे होय.

तपासणीसाठी प्रत्येक वेळी मुंबई गाठावी लागत नाही. तीस वर्षांवरील स्त्री-पुरुषांची तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी प्राथमिक तपासणी करण्याची तरतूद शासनाच्या असंसर्गजन्य रोग नियंत्रण कार्यक्रमात आहे. ही तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्र व आयुष्मान आरोग्य मंदिरांच्या पातळीवर होते. आपल्या भागातील आशा स्वयंसेविकेकडे तिचा दिवस विचारावा. तोंडाच्या तपासणीला चांगला उजेड आणि दोन मिनिटे पुरतात. संशय आल्यास पुढे कोल्हापूर येथे पाठवले जाते. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगावरील शस्त्रक्रिया, केमोथेरपी आणि रेडिओथेरपीचा समावेश आहे. त्यासाठी रेशन कार्ड आणि ओळखपत्र बरोबर ठेवावे.

प्रथिनांचे हे सारे गणित सामान्य माणसाला एकच गोष्ट सांगते. गाठ कोणत्या दिवशी हात सोडेल, हे बाहेरून कळत नाही. म्हणून रोपलावण, सुगी किंवा लग्नसराई आटोपण्याची वाट पाहू नये.

कोणत्या लक्षणांकडे दुर्लक्ष नको?

- तोंडात तीन आठवड्यांनंतरही न भरणारी जखम
- गालाच्या आत किंवा जिभेवर पांढरा अथवा लाल चट्टा
- तोंड पूर्वीइतके न उघडणे, तिखट सहन न होणे
- गळ्यात, काखेत किंवा स्तनात गाठ. दुखत नसली तरीही
- स्तनाग्र आत ओढले जाणे, त्यातून रक्तमिश्रित स्राव येणे
- दोन पाळ्यांच्या मध्ये, संबंधानंतर किंवा पाळी गेल्यानंतर रक्तस्राव
- आवाज तीन आठवड्यांहून अधिक काळ बसलेला राहणे, गिळताना अडथळा

यांपैकी प्रत्येक लक्षण कर्करोगाचेच असते असे नाही. ते कशाचे आहे, हे ठरवण्याचा मार्ग तपासणी हाच आहे.